खटपट : झेरॉक्सचा आवाज नेमका कधी येतो?

घरातलं एखादं यंत्र बिघडलं की आपण आधी त्याची नक्कल करतो. मिक्सर 'घुर्रर्र' करतोय, स्कूटर 'किट किट' करतेय, पंखा 'खट्‌ऽऽ खट्‌ऽऽ' करतोय. या सदराकडे येणारे निरोपही त्याच वळणाचे असतात. "आमच्या ऑफिसचं झेरॉक्स मशीन चीं चीं करतंय, काय करू?" एका वाचकाने मागच्या महिन्यात व्हॉइस नोट पाठवली. ती ऐकली तर आवाज मशीनचा नव्हताच, त्याने स्वतः तोंडाने काढलेला होता. (आवाज उत्तम होता. यंदाच्या एकांकिकेसाठी त्याचं नाव सुचवून ठेवलं आहे.)

नक्कल कितीही हुबेहूब असली तरी तिचा उपयोग थोडाच. कारण चार वेगवेगळे बिघाड एकाच आवाजात ओरडतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरळ न घसरता अडत-सुटत, अडत-सुटत चालले की 'चीं' होतं. फळ्यावरचा खडू, दाराची बिजागरी, झेरॉक्समधलं रबरी रोलर, ड्रमवर टेकलेलं ब्लेड, सगळ्यांची जात एकच. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा मी आधी विचारतो, तो कधी येतो आणि किती वेळा येतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग सापडला की पहिल्यांदा हेच बघतो, कुठल्या पायरीवर होतो आणि दर वेळी होतो का. इथेही तेच चालतं, आणि इथे तर पायऱ्या डोळ्यांसमोर घडत असतात.

त्या पायऱ्या माहीत असल्या की अर्धं काम होतं. झेरॉक्सच्या पोटात शाई नसते, वीज असते. न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी चेस्टर कार्लसनने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर स्थिर वीज आणली. अक्षरं लिहिलेली काच वर धरून प्रकाश पाडला. प्रकाश पडला तिथली वीज निघून गेली, अक्षरांखालची राहिली. मग वर भुकटी टाकून फुंकली तर ती अक्षरांपुरती चिकटून राहिली. काचेवर त्याने लिहिली होती तारीख आणि जागेचं नाव. कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता आणि कागदपत्रांच्या नकला करून करून वैतागला होता. त्या प्रयोगातून १९५९ साली झेरॉक्स ९१४ हे मशीन बाजारात आलं. वजन सुमारे २९४ किलो, मिनिटाला सात प्रती. आज आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं मशीन त्याच्यापुढे पोरगंच, पण आतला खेळ तोच आहे.

बटण दाबलं की काचेखालून दिव्याची पट्टी सरकते आणि मूळ पान वाचलं जातं. ट्रेमधून पिकअप रोलर एक कागद उचलतो. तो कागद पुढच्या जोडरोलरपाशी क्षणभर थांबतो, सरळ होतो, आणि ड्रमवरचं चित्र जागेवर आलं की 'टक' करून क्लच बसतो व कागद सुटतो. ड्रमवरची टोनरची भुकटी कागदावर जाते. उरलेली भुकटी एक लवचीक ब्लेड खरवडून काढतं. कागद फ्यूझरमध्ये जातो, तिथे दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या आणि खालून दाबणाऱ्या अशा दोन रोलरांमधून पिळून निघतो, भुकटी वितळून धाग्यांत बसते. आणि गरम, किंचित वळलेला कागद बाहेर.

आता एकाच पानाच्या वीस प्रती काढा आणि मशीनजवळ फक्त उभे राहा. मोबाईलवर दुसरं काही बघू नका, रेकॉर्डिंग सुरू ठेवा.

हल्लीची मशीन डिजिटल आहेत. मूळ पान एकदाच वाचून स्मरणात ठेवतात आणि मग वीस वेळा छापतात. म्हणजे तुमचा आवाज वीस प्रतींत एकदाच, अगदी सुरुवातीला आला, तर तो स्कॅनरचा. कागद, ड्रम, फ्यूझर सगळे निर्दोष. वीस वेळा आला, दर कागदामागे एक, तर तो कागद उचलण्याच्या, थांबवण्याच्या किंवा बाहेर टाकण्याच्या वाटेवरचा. आणि कागदांची संख्या न जुमानता स्वतःच्याच तालात येत राहिला, एका पानात दोनदा, तीनदा, तर तो फिरणाऱ्या भागाचा. एवढ्या एका चाचणीने तुम्ही मशीनचा दोन तृतीयांश भाग संशयितांच्या यादीतून काढून टाकता, आणि अजून एक स्क्रूही उघडलेला नसतो.

दर कागदामागे येणारा आवाज असेल तर पुढची चाचणीही फुकट आहे. खालच्या ट्रेऐवजी बाजूच्या उघडता येणाऱ्या ट्रेतून कागद द्या. आवाज गेला? मग दोष खालच्या ट्रेचा. बहुतेक वेळा पिकअप रोलरचं रबर कागदाची भुकटी बसून गुळगुळीत आणि टणक झालेलं असतं. ते कागदावर घसरतं, 'फर्रर्र' करतं, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात कागद उचलतं. मशीन बंद करून, किंचित ओल्या आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने रोलर फिरवत पुसा, वाळू द्या. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. रबर काचेसारखं चकाकत असेल तर मात्र पुसून काही होणार नाही, रोलर बदलायला हवा, आणि तो मशीनमधल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे. आपल्याकडे बडोद्याला जुलै-ऑगस्टमध्ये तर रोलरच्या आधी कागदावर संशय घ्यावा. उघडं ठेवलेलं रीम हवेतलं पाणी पितं, कागद एकमेकांना चिकटतात, वाकडे चालतात, चुरचुरतात. वेष्टन फाडलं की उरलेला गठ्ठा पुन्हा त्याच वेष्टनात गुंडाळून ठेवावा एवढी साधी गोष्ट. पण ऑफिसात ते वेष्टन सगळ्यात आधी कचऱ्यात जातं.

स्कॅनरचा आवाज सहसा जागा बदलल्यावर सुरू होतो. काही मशीनमध्ये हलवताना दिव्याची पट्टी हलू नये म्हणून तिला कुलूप किंवा स्क्रू लावतात. नव्या जागी तो काढायचा राहिला की चालू करताक्षणी दात खाल्ल्यासारखा 'कर्रर्र' आवाज येतो. लगेच बंद करा, स्क्रू काढा. बारीक, चढत जाणारी शिट्टीसारखी किंकाळी असेल तर ती बहुधा लेझर फिरवणाऱ्या आरशाच्या मोटरची. तो आरसा मिनिटाला हजारो फेरे घेतो. तिथे लेझर आहे, तो डबा आपण उघडायचा नाही. पंख्यात कागदाचा कपटा अडकला की पत्त्यांची गड्डी पिसल्यासारखा आवाज येतो, आणि पाल शिरली असेल तर आवाजाच्या आधी वासानेच कळतं.

फिरणाऱ्या भागांचा आवाज हा मात्र सगळ्यात गमतीचा, आणि सगळ्यात महागात पडणाराही. आपल्या मंडळाच्या कार्यालयातलं उदाहरण सांगतो.

ते मशीन तुम्ही पाहिलेलं आहे. रविवारच्या मराठी वर्गाचे मुलांचे स्वाध्याय, वधू-वर मेळाव्याच्या याद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्याच्यावर निघतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा चौघांनी उचलून ते वरच्या मजल्यावर नेलं म्हणून वाचलं. त्यानंतर काही महिन्यांनी ते 'टक... टक... टक' करू लागलं. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, फ्यूझर गेलं, पूर्ण संच बदलावा लागेल. सांगितलेली रक्कम ऐकून समितीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, एवढ्या पैशांत थोडी भर घालून नवंच घेऊ. दुसऱ्याचं म्हणणं, ती भर शिष्यवृत्तीच्या खात्यातून येणार, आणि त्या वर्षी अकरा मुलांचे अर्ज टेबलावर होते. मशीन पुरात हलवल्यामुळेच बिघडलं यावर मात्र दोन्ही तटांचं एकमत होतं.

कार्यालय सांभाळणाऱ्या काकूंना कोणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अरे, हलवल्यावर तीन-चार महिने उत्तम चाललं की. संक्रांतीच्या पत्रिका याच्यावरच काढल्या. हा आवाज नंतरचा. आणि तो कागद नसतानाही येतो बघ, सकाळी चालू केल्यावर गरम होताना. भातात खडा लागावा तसा, बरोब्बर ठरलेल्या वेळाने."

दिवसातले सात तास त्या मशीनच्या शेजारी बसणाऱ्या बाईंच्या या चार वाक्यांत जवळजवळ सगळं निदान होतं. आवाज हलवल्यानंतरचा नाही. कागदाशी संबंध नाही. ठरलेल्या वेळाने, म्हणजे फिरणारा भाग. आणि चिरकणं नाही, खडा लागणं. म्हणजे कोरडेपणा नाही, मध्ये काहीतरी कठीण आहे.

मग राहिलं मोजायचं. कागदाचं पुढचं टोक बाहेर दिसल्यापासून मागचं टोक सुटेपर्यंत मोबाईलच्या घड्याळात साधारण २.४ सेकंद. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे १२४ मिलिमीटर. रेकॉर्डिंग ऐकून दहा 'टक' मोजले, ७.६ सेकंद. एका 'टक'पासून दुसऱ्यापर्यंत कागद १२४ गुणिले ०.७६, म्हणजे सुमारे ९४ मिलिमीटर पुढे जातो. रोलर एक फेरा घेतो तेव्हा कागद त्याच्या परिघाइतका सरकतो. ९४ भागिले ३.१४, उत्तर ३०. तेव्हा मशीनच्या आत ३० मिलिमीटर व्यासाची जी वस्तू फिरते ती आपली संशयित. दहावीच्या भूमितीचा एवढा थेट उपयोग मला नोकरीत कधी झालेला नाही.

कपाटात मागच्या वेळी बदललेला जुना ड्रम पडला होता. त्याला दोरा गुंडाळून पट्टीवर धरला. ९४ मिलिमीटर! मशीन रात्रभर बंद ठेवून, गार झाल्यावर फ्यूझरच्या दोन्ही रोलरांना तसाच दोरा लावला, तर दोघांचाही आकडा वेगळा आला. फ्यूझरचं काही बिघडलंच नसेल असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, पण हा 'टक' त्याचा नव्हता.

तरी मला दुसरा पुरावा हवा होता, आणि तो टोपलीतच पडलेला होता. पूर्ण करड्या रंगाचं एक पान छापलं तर त्यावर आडव्या तीन पुसट रेघा, एकमेकींपासून ९४ मिलिमीटरवर. ड्रम दर फेऱ्याला एका जागी हिसका खातो, तो कानाला 'टक' ऐकू येतो आणि कागदावर रेघ म्हणून दिसतो. ज्यांना घड्याळाची भानगड नको त्यांनी थेट हेच करावं: रेघा, ठिपके, डाग जे काही परत परत उमटतंय त्यातलं अंतर पट्टीने मोजावं. दुरुस्तीच्या पुस्तिकांमध्ये असं अंतर आणि रोलर यांचं कोष्टकच दिलेलं असतं.

दुसऱ्या वेळी आलेल्या मुलाला मी ते पान, दोरा आणि रेकॉर्डिंग दाखवलं. त्याने पान उजेडात धरलं, काही न बोलता पुढचं दार उघडलं, ड्रमचा संच बाहेर काढून काळ्या कापडाखाली ठेवला आणि टॉर्चने मागच्या गिअरचे दाते बघत बसला. मग चिमटा मागितला. दोन दात्यांच्या मध्ये स्टेपलरची अर्धी तुटलेली पिन रुतून बसली होती. एक दाता थोडा खरवडला गेला होता, पण शाबूत होता. पिन निघाली, टकटक थांबली, रेघा गेल्या. त्याने फक्त भेटीचे पैसे घेतले.

पिन आली कुठून? आपण काटकसरीने पाठकोरे कागद वापरतो. जुन्या सूचनांच्या गठ्ठ्यातला पिन न काढलेला एक कागद आत गेला असणार, अडकला असणार, कोणीतरी हिसडून ओढून काढला असणार आणि पिन मागे राहिली असणार. पाठकोरे कागद हाताने लिहायला उत्तम. मशीनमध्ये घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. समितीत ते अजून मंजूर झालेलं नाही.

पहिल्या कारागिरावर माझा राग नाही. त्याला दिवसाला सात-आठ ठिकाणी जायचं असतं, पत्र्याच्या डब्यात आवाज एका टोकाला होतो आणि दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, आणि पूर्ण संच बदलला की तक्रार नक्की मिटते. आपणच त्याला "आवाज येतोय" एवढंच सांगितलं तर तो दुसरं काय करणार? त्याला सांगायचं ते असं: कधीपासून येतो, वीस प्रतींत किती वेळा येतो, कागदाशिवाय येतो का, दुसऱ्या ट्रेतून येतो का, दोन्ही बाजूंनी छापतानाच येतो का. सोबत रेकॉर्डिंग आणि डाग असलेलं पान. आवाजाची जागा शोधायची असेल तर प्लॉटरच्या कागदातली पुठ्ठ्याची लांब नळी कानाला लावून, झाकणं बंद ठेवून, बाहेरून फिरवावी. डॉक्टर छातीला लावतात तशी. लोक हसतात, हसू द्यावं.

मशीनला स्वतःला यातलं काही कळत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. त्याच्या वाटेवर जागोजागी सेन्सर असतात आणि ते एवढंच बघतात की कागद ठरलेल्या वेळी पोचला की नाही, उष्णता पुरेशी आहे की नाही. कागद वेळेवर पोचतोय तोवर पडद्यावर 'तयार' असंच लिहिलेलं दिसतं. टकटक करत, हळूहळू दाता झिजवत ते 'तयार'च असतं. दाता तुटून ड्रम थांबला की मग त्याचा आकडा झळकतो, आणि तोवर शंभर रुपयांच्या कामाचं दहा हजारांचं झालेलं असतं. मंडळाच्या मशीनवरही त्या सगळ्या काळात एकही सूचना आली नव्हती.

आता काय करू नये ते. खोबरेल तेल घालू नये! शिवणयंत्राचं तेलही नाही, गंज सोडवणारा फवाराही नाही. मी हे तिन्ही प्रकार झालेले पाहिले आहेत. तेल रबर फुगवतं, टोनर ओढून घेतं आणि आठवड्याभरात आत काळा चिखल होतो. फ्यूझरचे बुश सुकून कुरकुरत असतील तर तिथे उष्णता सोसणारं खास ग्रीस लागतं, ते कारागिराकडे असतं. ब्लेड ड्रमवर 'चीं' करत असेल तर त्यावर तेल नव्हे, कोरडी भुकटी लावतात. टोनरच त्या ब्लेडचं वंगण असतं, म्हणून नुसती कोरी किंवा दोन ओळींची पानं शेकड्याने काढली तरी ते ओरडू शकतं. मधूनच भरपूर काळं असलेली दोन-चार पानं काढून बघावी. आवाज थांबला तर ब्लेडच होतं.

ड्रमला बोट लावू नये आणि तो उजेडात उघडा ठेवू नये. फ्यूझर मशीन बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतं. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, भुकटी इतकी बारीक असते की गाळणीतून पार होऊन खोलीभर होते. ओल्या फडक्याने टिपावी, आणि हाताला लागली तर गार पाण्यानेच धुवावी. गरम पाण्याने ती मऊ होऊन चिकटते.

एक आवाज मात्र अजिबात बिघाडाचा नाही, तरी त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. शेवटची प्रत निघाल्यावरही मशीन काही वेळ घुमत राहतं. आतला पंखा फ्यूझरची उष्णता बाहेर टाकत असतो. "काम झालं तरी चालूच आहे, वीज खातंय" म्हणून घाईने मेन स्विच बंद करणारे प्रत्येक ऑफिसात एक तरी असतात. त्यांना थोडं थांबायला सांगा. पंखा थांबला की आधी मशीनवरचं बटण, मग भिंतीवरचं.